महाळुंगाचं टोक

शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता सिप्पोराच्या हातात कोणाच्या तरी रक्ताची नळी होती आणि खांदा नि कान यांच्यामध्ये मोबाइल. पॅथॉलॉजी लॅबमध्ये असं फोनवर बोललेलं मुळीच चालत नाही, आणि हे ती स्वतःच नव्या पोरींना डोळे वटारून सांगायची. पण स्क्रीनवर ‘बाबा’ दिसलं, आणि बाबा उगीच फोन करणाऱ्यांतले नव्हते. फोन ही आला तर नाइलाजाने घ्यायची वस्तू आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

“सिपू, यंदा घरी मांडव घालतोय,” शलोमन नेवरेकर म्हणाले. “सोमवारी संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत या. तिघं.”

“तिघं?”

“एक तू, एक मनस्विनी, एक तो. मोजता येतं ना तुला?”

फोन बंद. सिप्पोराने आधी नळी नीट स्टँडमध्ये ठेवली, कारण कामात ती चोख होती. मग ती मागच्या खोलीत गेली आणि फ्रिजच्या आडोशाला उभं राहून तिने चक्क दोन उड्या मारल्या. वय वर्षं सदतीस. हा ‘तिघं’ शब्द ऐकायला तिला अकरा वर्षं लागली होती.

नेवरेकरांचं घर रत्नागिरीच्या परटवण्यात. ते बेने इस्रायल, म्हणजे कैक पिढ्या कोकणात राहून अस्सल कोकणी झालेले यहुदी. बोलणं मराठी, जेवणात भात आणि नारळाच्या रसातली मासळी, फक्त त्या मासळीला खवलं हवीत एवढंच. त्यांच्या सणांची नावंसुद्धा कोकणानेच ठेवलेली. पावसाळा ओसरला की वर्ष सुरू होतं तो नव्याचा सण. मग दहाव्या दिवशी कडक उपासाची दारफाळणी. तिच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, आणि त्यानंतर पौर्णिमेला मांडवाचा सण. एके काळी रत्नागिरीत त्यांच्या माणसांची पाच-सहा घरं होती. ती एकेक करून मुंबईला गेली, ठाण्याला गेली, तिथून इस्रायलला गेली. राहिले एकटे शलोमन. आयटीआयमध्ये तीस वर्षं पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले, आता एकोणऐंशी वर्षांचे, आणि खुब्याच्या ऑपरेशनपासून काठीला बांधलेले. दर वर्षी मांडवाच्या सणाला ते ठाण्याला चुलतभावाकडे जात. यंदा डॉक्टरांनी प्रवासावर फुली मारली होती.

सिप्पोराने वेळणेश्वरच्या यज्ञेशशी लग्न केलं तेव्हा शलोमननी आरडाओरडा केला नव्हता. केला असता तर बरं झालं असतं, निदान कधीतरी दमले असते. ते फक्त एवढंच म्हणाले, “इतर दिवशी ये. सणाला येऊ नकोस.” आणि शब्दाला जागले. ती आठवड्यातून दोनदा यायची, त्यांचं कालवण करायची, गोळ्यांचे डबे भरायची, मनस्विनीला त्यांच्या मांडीवर सोडायची. पण भाद्रपद सरत आला, नव्याचा सण जवळ आला, की तिचं काम आटपल्यावर आरामखुर्चीतून आवाज यायचा, “जाताना दार ओढून घे.” ते दार मग महिनाभर तिला उघडं दिसायचं नाही. यज्ञेशने तर तो उंबरा एकदाही ओलांडला नव्हता. तो बाहेर गाडीत बसून राही, आणि त्या गाडीत बसून त्याने क्रिकेटचे किती सामने मोबाइलवर पाहिले याला गणती नव्हती.

यंदा नेमकी दारफाळणी आणि दसरा एकाच दिवशी आले. दारफाळणीला शलोमन पांढरे कपडे घालून, दारं-खिडक्या लावून दिवसभर निर्जळी बसत. कोणी आत यायचं नाही, आतून कोणी बाहेर जायचं नाही. वर्षभरात आपलं काय चुकलं ते आठवायचं आणि देवाकडे माफी मागायची, असा तो दिवस. संध्याकाळी तिघं सोनं वाटत चालले होते, तर मनस्विनीने गाडी थांबवायला लावली. आजोबांना सोनं द्यायचं राहिलं म्हणाली. नऊ वर्षांच्या मुलीला दारफाळणी समजावून सांगेपर्यंत ती गाडीतून उतरून पायऱ्या चढलीसुद्धा. दार बंद. तिने वाकून दाराखालच्या फटीतून आपट्याची पानं एकेक करून आत सरकवली, प्रत्येक पानाला “सोनं घ्या, सोन्यासारखे राहा” म्हणत, आणि हात झाडत परत आली. सिप्पोराला वाटलं, आता बाबा संतापणार. दुसऱ्या दिवशी फोन आला तो असा.

*

शनिवार शब्बाथाचा, त्या दिवशी काम वर्ज्य, म्हणून मांडवाला रविवार उजाडला. सिप्पोरा सकाळी आठलाच हजर. अंगणात शेजारचा भिकू शिडीवर चढलेला. भिकूने उभ्या परटवण्यात लग्नांचे, मुंजींचे, आंबेडकर जयंतीचे मांडव घातले होते, आणि आपल्या मांडवाखाली कधी कोणाच्या पानात पाण्याचा थेंब पडला नाही याचा त्याला जबरदस्त अभिमान होता. त्याने माडाच्या झापांचे चार थर चढवले होते आणि आता वर निळी ताडपत्री ओढत होता.

“भिकू, खाली उतर,” शलोमन काठी आपटत म्हणाले. “ताडपत्री काढ. आणि तीन थर पण काढ.”

“आवो मास्तर, पाऊस अजून गेलेला नाय! ढग बघा जरा!”

“वरून तारे दिसायला हवेत. चांदणं आत पडायला हवं. तसा नेम आहे.”

“म्हनजे गळायला हवा?”

“गळला तर गळू दे.”

भिकूने ताडपत्रीचं टोक आणखी घट्ट धरलं. “माज्या हातचा मांडव गळका हाय असां वाडीत कळला, तर मना तोंड दाखवायला जागा ऱ्हायाची नाय! तुमी काय, चार भितींत ऱ्हाता. लोक मना हसतील ना!”

मनस्विनी एवढ्यात आजोबांच्या काठीला लोंबकळली. “पण आजोबा, घर आहे की आपलं. मग मांडवात कशाला जेवायचं?”

“आपली माणसं मिसर देशातल्या गुलामीतून सुटली तेव्हा चाळीस वर्षं रानात होती,” शलोमन म्हणाले. “ना भिंती, ना कौलं. ते आठवायला आठ दिवस बाहेर बसायचं. घर असलं की माणसाला घराचा माज चढतो. तो वर्षातून एकदा उतरवायचा.”

हे बोलून त्यांनी एकदा मागे वळून घराकडे पाहिलं. मग आत गेले आणि स्वतःच्या आजोबांच्या हातची वही घेऊन आले. कडा खाल्लेली, बाळबोध अक्षरातली, सणावारांचे सगळे नेम लिहिलेली. सिप्पोराने ती लहानपणी पाहिली होती, हात कधी लावू दिला नव्हता. आज बाबांनी ती तिच्यासमोरच उघडली.

मांडवात चार वस्तू हातात धरून आशीर्वाद म्हणायचा. शिंदीचा कोंब आयटीआयच्या मागच्या माळावरून आणून ठेवलेला. दोन जातींच्या डहाळ्या ठाण्याच्या भावाने गाडीवाल्याबरोबर धाडलेल्या. चौथं महाळुंग, म्हणजे ते ओबडधोबड, लिंबाच्या थोरल्या भावासारखं वासाचं फळ. ते मात्र यंदा मुंबईतच कमी आलेलं, रत्नागिरीपर्यंत कोण पाठवणार?

“माझ्या सासूबाईंच्या बागेत आहे झाड!” सिप्पोरा एवढ्या मोठ्याने ओरडली की भिकूच्या हातातली सुतळी सुटली.

शलोमननी चष्म्यावरून पाहिलं. ‘सासूबाई’ हा शब्द त्या अंगणात पहिल्यांदाच उच्चारला जात होता. “बघ मग,” ते म्हणाले. “पण नीट ऐक. डाग नको. भोक नको. देठ हवा. आणि दुसऱ्या टोकाला फुलाची सुकलेली दांडी असते, ती शाबूत हवी. ती मोडली तर फळ गेलं. इतक्या वर्षांनी घरी मांडव उभा राहतोय, सिपू. चारी वस्तू जशा हव्यात तशा हव्यात.”

सिप्पोराने मनाशी एक खूणगाठ बांधून टाकली. यातलं सगळं जमलं तर हे दार पुन्हा बंद होणार नाही. आणि यात काही बिघडलं, तेही सासरच्या हातून, तर बाबा काही बोलणार नाहीत, फक्त पुढच्या वर्षी आरामखुर्चीतून तेच वाक्य येईल. असं कोणी तिला सांगितलं नव्हतं. पण तिला ते दिवसासारखं स्पष्ट दिसत होतं.

तिने तिथूनच वेळणेश्वरला फोन लावला. “आई, महाळुंग आहे का हो झाडावर? देवाच्या कामाला हवंय. बाबांकडे. हो, बाबांकडेच! तिघांना बोलावलंय! डाग नको हं. भोक नको. देठ हवा. आणि—” इतक्यात भिकूने वरून सोडवलेले तीन थर झाप एकदम खाली सोडले. मनस्विनी किंचाळली, शलोमननी काठी उगारली, धुरळा उडाला, आणि त्या गोंधळात सासूबाईंचा आवाज आला, “कळलं गो, कळलं. मला काय देवाचं फळ माहीत नाही?”

आनंदीबाई बहात्तर वर्षांच्या, बाग एकटीने सांभाळणाऱ्या, आणि त्यांचाही बाणा काही कमी नव्हता. सुनेला त्यांनी पहिल्याच दिवशी घरात घेतलं होतं. पण व्याह्यांनी बोलावल्याशिवाय त्यांच्या पायरीला पाय लावणार नाही, असं त्यांनीही अकरा वर्षांपूर्वी जाहीर केलं होतं, आणि बोलावणं काही आलं नव्हतं. त्या बाई आता म्हणाल्या, “असलं फळ मी कोणाच्या पिशवीतनं धाडायची नाही. स्वतः आणीन, त्यांच्या हातात देईन, नि माझ्या कोजागिरीला शेवटच्या फेरीबोटीने घरी परत येईन. पाणी विचारलंन नाही तरी चालेल.”

“पण आई, बाबांनी तिघं म्हटलंय.”

“मग मी बाहेर उभी राहीन.”

पुढे बोलण्यात अर्थ नव्हता. सिप्पोराने बाबांना सांगितलं, फळ मिळालं. फळाबरोबर कोण येणार आहे ते मात्र तिने गिळलं.

*

सोमवारी सकाळी सिप्पोरा आणि यज्ञेश मनस्विनीला आजोबांकडे सोडून निघाले. आरे-वारेच्या वळणांवर सिप्पोरा इतकी बोलत होती की यज्ञेशला हॉर्न वाजवायलाही उसंत मिळेना. बाबांनी खीर नारळाच्या दुधातली करायची ठरवलीये, नवा तांदूळ आणलाय, मटण मुद्दाम टाळलंय, का, तर “तो खात नसेल.” यज्ञेश म्हणाला, “मी गेली वीस वर्षं खातोय.” तरी त्याने नवा सदरा घातला होता, आणि आरशात स्वतःकडे तीनदा पाहिलं होतं. जयगडला फेरीबोटीत गाडी चढवली, तवसाळला उतरवली, हेदवी मागे टाकून बारापर्यंत वेळणेश्वर.

आनंदीबाई ओटीवर तयारच. जरीकाठी नऊवारी, कानात कुड्या, आणि मांडीवर वेताची परडी, वर धुतलेला पांढरा पंचा.

“बघू?” सिप्पोराने हात पुढे केला.

“हात नको लावूस. पाण्याने धुतलंय, पुसलंय. आता तिथेच उघडायचं.”

सिप्पोरा इतकी खुशीत होती की तिने आग्रहच धरला नाही. जेवणं उरकून, गाईला शेजाऱ्याच्या हवाली करून, फाटकाला तीन वेळा कडी घालून निघेपर्यंत तीन वाजले. फेरीबोटीवर वारं सुटलं होतं, आभाळात ढग होते पण फाटके. आनंदीबाई कठड्याशी बाकावर परडी पोटाशी धरून बसल्या होत्या, आणि शेवटी त्यांनाच राहवेना. “चल, बघ एकदा,” म्हणत त्यांनी पंच्याचं टोक उचललं.

फळ देखणं होतं. पिवळंधमक, ओंजळीत मावेल एवढं, डाग नाही, भोक नाही, देठाला तर एक हिरवं पानसुद्धा. सिप्पोराने नजर फिरवत दुसऱ्या टोकाला नेली. तिथे एक लहानसा गोल, गुळगुळीत, पांढरट ठिपका होता. बाकी काही नव्हतं.

“आई, इथे एक काडी होती का?”

“होती की! फुलाचं वाळकं बोंड तसंच चिकटलेलं. नखाने अलगद काढलं, सालीला धक्का न लावता. निर्माल्य चिकटलेलं फळ कोणी देवाला देतं का?” आनंदीबाईंचा चेहरा कौतुकाच्या अपेक्षेने उजळला होता.

सिप्पोराने तीन गोष्टी सांगितल्या आणि चौथी राहिली! तिची चूक, सरळसरळ तिची. सासूबाईंनी देवाच्या माणसाने करावं ते केलं होतं. “झाडावर आणखी आहेत ना?” तिने विचारलं.

“दोन होती. परवाच लोणच्याला चिरली.”

सव्वाचार वाजले होते. सूर्य सहा-वीसला बुडणार. परत फिरूनही उपयोग नव्हता. यज्ञेशला तिने डोळ्यांनीच खुणावून मागे नेलं आणि सगळं सांगितलं. त्याने सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. “चिकटवता येईल का?”

“ती काडी आता खतात असेल, यज्ञेश!”

“मग खरं सांग. पण आईसमोर नको. ती तिथून चालत वेळणेश्वरला जाईल.”

ज्या बाईने सकाळी हॉर्न वाजवू दिला नव्हता, ती आता सगळा रस्ता नखं कुरतडत होती, आणि मागच्या सीटवर आनंदीबाई परडीवरचा पंचा पुन्हा पुन्हा सारखा करत होत्या.

*

साडेपाचला गाडी परटवण्यात थांबली. मांडव उभा होता. एकाच थराचा, झापांच्या फटींतून आभाळ दिसणारा, आणि त्याच्या शेजारी आपलं नाव त्याला चिकटू नये अशा बेताने दूर उभा असलेला भिकू. आत पाट मांडलेले, झेंडूच्या माळा सोडलेल्या, मनस्विनीने कापलेले कागदी तारे लटकलेले. शलोमन पांढरा सदरा घालून मांडवाच्या मधोमध खुर्चीवर. सिप्पोराला वाटलं, इतका सुंदर मांडव सगळ्या कोकणात दुसरा नसेल, आणि लगेच तिला रडूच कोसळेलसं झालं.

आनंदीबाई गाडीतून उतरल्या आणि मांडवाच्या बाहेर थांबल्या.

शलोमननी आधी यज्ञेशकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. “सिपू, मोजायला चुकलीस,” ते म्हणाले.

“बाबा, या—”

“फळ द्यायला आल्ये,” आनंदीबाई म्हणाल्या. “दिलं की निघाल्ये.” त्यांनी दोन्ही हातांनी परडी पुढे धरली. शलोमन काठी टेकत उठले, पंचा बाजूला केला, महाळुंग उचललं. देठ पाहिला, मान हलवली. साल पाहिली, मान हलवली. मग फळ उलटं केलं आणि त्यांचा हात थांबला.

“टोक कुठे गेलं?”

“बाबा, माझी चूक,” सिप्पोरा धावतच पुढे झाली. “मी त्यांना सांगितलंच नाही. मी तीनच गोष्टी सांगितल्या, चौथी—”

“कसलं टोक?” आनंदीबाई म्हणाल्या. “निर्माल्य होतं, ते काढलं. आमच्याकडे तसलं फळ देवाला चालत नाही.”

“आमच्याकडे ते नसेल तर चालत नाही,” शलोमन म्हणाले.

दोघं एकमेकांसमोर उभे, मधे ते पिवळं फळ, आणि आनंदीबाईंचा रंग हळूहळू उतरत गेला. वेळणेश्वरपासून मांडीवर सांभाळलेली वस्तू आपणच मोडली हे त्यांच्या ध्यानात आलं. “मग टाकून द्या,” त्या म्हणाल्या, आवाज घट्ट ठेवून. “यज्ञेश, चल. फेरी चुकेल.” आणि त्या वळल्या.

“थांबा,” शलोमन म्हणाले. “मनी, माझी वही आण.”

मनस्विनी पळाली आणि वही घेऊन आली. शलोमननी पान काढलं, बोट फिरवलं, आणि मोठ्याने वाचलं, शाळेत वाचतात तसं सुटं सुटं. “टोक मोडलेले महाळुंग पहिले दोन दिवस चालत नाही. तिसऱ्या दिवसापासून चालते.” त्यांनी वही मिटली. “आज सोमवार. मंगळवार, बुधवार नाही. गुरुवारी सकाळी आशीर्वाद म्हणायचा. सण आठ दिवसांचा आहे, पळून जात नाही.”

“बरं झालं. म्हणा गुरुवारी,” आनंदीबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

“तुमच्याशिवाय? ज्यांच्या झाडाचं फळ, त्या नकोत होय?” शलोमननी घसा साफ केला. “गुरुवारपर्यंत तुम्हाला राहावं लागेल, विहीणबाई.”

विहीणबाई! यज्ञेशने सिप्पोराचा हात इतका दाबला की तिच्या बांगडीचा वळ उठला. आनंदीबाई वळल्या, पण पाय पुढे टाकेनात. “मला बोलावलेलं नव्हतंत,” त्या म्हणाल्या. आता आवाज घट्ट राहिला नव्हता.

“नव्हतं,” शलोमन म्हणाले. “अकरा वर्षं नव्हतं. यंदा दारफाळणीला मी आत पांढरे कपडे घालून बसलो होतो, काय चुकलं ते आठवत. आठवेचना. मोठा शहाणा ना मी! आणि दाराखालनं पानं यायला लागली. एकेक. सात आली. ती मोजता मोजता मला आठवायला लागलं.” त्यांनी काठीने मांडवाचे चार खांब एकेक करून दाखवले. “तीस वर्षं मी पोरांना दारं बसवायला शिकवलं. चौकट, बिजागरी, कडी, सगळं. आणि या मांडवाला दार नसतं हे मला कधी दिसलंच नाही. दारफाळणीनंतर मांडवच का येतो, ते आत्ता कळतंय, या वयात. या आत.”

आनंदीबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मग चपला काढल्या, आणि मांडवात आल्या. आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, “तीन दिवस म्हणजे माझं नेसूचं काय? नि माझं कोजागिरीचं दूध?”

“दूध सूर्य बुडायच्या आत आटवून उतरवा, सण लागला की चूल बंद,” शलोमन म्हणाले. “पातेली धुवून ठेवली आहेत. मटणाबरोबर आम्हाला दूध चालत नाही, पण इथे आज मटण नाहीच.”

मग जी धांदल उडाली तिला तोड नव्हती. आनंदीबाई स्वयंपाकघरात, दूध गॅसवर, यज्ञेश केशर-वेलची आणायला धावतोय, उंबरा ओलांडून आत, बाहेर, पुन्हा आत, आणि आपण उंबरा ओलांडतोय हे त्याच्या लक्षातही नाही. भिकूची बायको रेणुका घरातून धुवट लुगडं घेऊन आली. “तुमच्यासारखं जरीचं नाय, पन अंगाला होईल,” म्हणाली, आणि आनंदीबाईंनी ते छातीशी धरलं. सिप्पोरा खीर ढवळत होती, रडत होती, हसत होती, आणि शलोमन बाहेरून दर पाच मिनिटांनी ओरडत होते, “वीस मिनिटं राहिली! पंधरा! सिपू, दिवे!” सहा-सतराला सिप्पोराने मांडवात दोन दिवे लावले आणि हातांनी डोळे झाकले. आई होती तेव्हा तिच्या शेजारी उभं राहून ती हे करायची, ते शेवटचं दहावीत असताना. त्यानंतर आज.

साडेसातच्या सुमाराला ढग फाटले आणि चंद्र वर आला. एकाच थराच्या झापांतून चांदणं पाटांवर, ताटांवर, शलोमनच्या पांढऱ्या सदऱ्यावर पट्ट्यापट्ट्यांनी पडलं. आनंदीबाईंनी दुधाचं पातेलं सरकवून सरकवून एका फटीखाली आणलं. त्यात चंद्र उतरला. “दिसला गो बाई!” त्या टाळी वाजवून म्हणाल्या. “ताडपत्री असती तर माझी कोजागिरी बुडाली असती.”

“आयकलांस ना, रेणुका?” भिकू मांडवात येऊन पाटावर बसत म्हणाला. “मुद्दामच ठेवलेल्या हायत त्या फटी.” आणि त्याने खिरीची वाटी पुढे केली. महाळुंग मधोमध परडीत ठेवलेलं होतं, गुरुवारची वाट बघत, आणि त्याचा वास सगळ्यांच्या ताटांवरून फिरत होता.

खीर संपली तसं सिप्पोरा आणखी आणायला घरात गेली. पातेलं कडेवर घेऊन बाहेर येताना तिने अकरा वर्षांच्या सवयीने मागे हात केला आणि दार ओढलं.

“राहू दे उघडं,” मांडवातून बाबा म्हणाले.